देशाच्या खिशात किती महिन्यांचा पैसा?

मार्च २०२४ अखेर भारतात एकूण पैसा होता सुमारे २४८ लाख कोटी रुपये. त्या आर्थिक वर्षाचा जीडीपी ३०० लाख कोटींच्या आसपास. भागाकार केला की ८२-८३ टक्के येतात. हा आकडा नेहमी टक्क्यांतच छापला जातो आणि म्हणूनच तो कुणाच्या लक्षात राहत नाही. तो महिन्यांत वाचावा. पैसा ही एका ठरावीक दिवसाची शिल्लक, तर जीडीपी ही अख्ख्या वर्षाची कमाई. शिल्लक भागिले कमाई केलं की कळतं, देशाने किती दिवसांची कमाई पैशाच्या रूपात जवळ धरून ठेवली आहे. आपण भारतीयांनी धरून ठेवलीय जवळपास दहा महिन्यांची.

असं मोजायला लागलं की जगाचा नकाशा बदलतो. अमेरिका : नऊ महिने. चीन : सत्तावीस-अठ्ठावीस. जपान : तीसच्या वर. अर्जेंटिना : तीनच्या आसपास. श्रीमंत देशाकडे जास्त महिने आणि गरीब देशाकडे कमी, असा सरळ हिशेब इथे लागत नाही. मग लागतो तरी कसला हिशेब? त्याचीच ही सैर.

बँकेच्या गल्ल्यातली नोट मोजत नाहीत

आधी ‘पैसा’ म्हणजे नेमकं काय काय, ते पाहू. रिझर्व्ह बँक ज्याला एम-३ म्हणते त्यात तीन मोठ्या गोष्टी येतात : लोकांच्या हातातल्या नोटा-नाणी, चालू आणि बचत खात्यांतली शिल्लक, आणि मुदत ठेवी. म्हणजे तुमच्या पाकिटातली पाचशेची नोट धरली जाते, एफडीसुद्धा धरली जाते. पण तीच पाचशेची नोट बँकेच्या गल्ल्यात किंवा एटीएमच्या पोटात असेल तर धरत नाहीत. कारण तिच्यावर हक्क सांगणारी तुमच्या खात्यातली शिल्लक आधीच मोजून झालेली असते. दोनदा मोजलं तर हिशेब फुगेल.

नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. तिथल्या करकरीत नोटांच्या गठ्ठ्यांची किंमत देशाच्या पैशाच्या हिशेबात शून्य. रिझर्व्ह बँकेतून बाहेर पडून लोकांच्या हाती येईपर्यंत तो छापील कागदच.

घरातलं सोनं? नाही धरत. म्युच्युअल फंड? नाही. पतसंस्थेतली ठेव? तीही नाही, कारण पतसंस्था ही बँक नव्हे. भिशी तर नाहीच. क्रेडिट कार्डाची मर्यादा कितीही मोठी असो, ते कर्ज घेण्याची परवानगी आहे, पैसा नव्हे. आणि यूपीआय? ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार यूपीआयवरून झाले, पण त्याने देशातला पैसा एका रुपयानेही वाढला नाही. यूपीआय हा पैसा नेण्याचा रस्ता आहे. त्यावरून जातं ते बँक खात्यातलंच.

जाता जाता : एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसते. ती भारत सरकार काढतं आणि तिच्यावर सही असते वित्त सचिवांची.

शंभरातले चौदा

एम-३ मधले शंभर रुपये घेतले तर त्यात नोटा-नाणी फक्त चौदाच्या आसपास. रिझर्व्ह बँक ‘मागणी ठेवी’ म्हणून मोजते ती खात्यांतली शिल्लक दहा-अकरा. उरलेले पाऊणशे रुपये मुदत ठेवींत, ज्यांत बचत खात्यांतल्या शिल्लकीचा मोठा भागही धरला जातो. म्हणजे ‘सरकार नोटा छापतं म्हणून पैसा वाढतो’ हे जे आपण सगळेच बोलतो, ते फार तर सातव्या हिश्शाबद्दल खरं.

बाकीचा पैसा येतो कुठून? माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच आहे. तो कर्जातून जन्मतो.

समजा पुण्यात एका कुटुंबाने ५० लाखांचं गृहकर्ज घेतलं. बँकेने दुसऱ्या कुणाच्या ठेवीतून ५० लाख उचलून बिल्डरला दिले, असं आपल्याला वाटतं. पण त्या दिवशी कुणाही ठेवीदाराची शिल्लक कमी होत नाही. बँक एकीकडे ‘कर्ज येणे ५० लाख’ लिहिते आणि दुसरीकडे बिल्डरच्या खात्यात ५० लाख जमा होतात. बँकांच्या एकूण ठेवी ५० लाखांनी वाढल्या. एम-३ सुद्धा ५० लाखांनी वाढला. सकाळी जो पैसा देशात नव्हता, तो संध्याकाळी आहे.

आणि उलट बाजू त्याहून विलक्षण. दर महिन्याचा हप्ता जातो तेव्हा त्यातला मुद्दलाचा भाग नाहीसा होतो. दुसऱ्या कुणाच्या खात्यात तो जमा होत नाही. खात्यातली शिल्लक घटते, कर्जही तेवढंच घटतं आणि तेवढा पैसा देशातून पुसला जातो. कर्जं फिटत राहिली आणि नवी दिलीच गेली नाहीत, तर देशातला पैसा आटत जाईल.

बँक ऑफ इंग्लंडने २०१४ मध्ये आपल्या त्रैमासिकात हे स्वच्छ शब्दांत लिहिलं. आधी ठेव आणि मग कर्ज, हा पाठ्यपुस्तकातला क्रम प्रत्यक्षात उलटा आहे, असं खुद्द मध्यवर्ती बँकेनेच म्हटलं. ब्रिटनमधला ९७ टक्के पैसा ठेवींच्या रूपात आहे, हेही सांगितलं. अर्थात बँकांना यात मोकळं रान नसतं. भांडवलाची अट असते, रोख राखीव निधी रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो, व्याजदराचा लगाम असतो, आणि मुख्य म्हणजे कर्ज परत करू शकेल असा माणूस सापडावा लागतो.

अडीच महिन्यांपासून दहा महिन्यांपर्यंत

१९५१ च्या सुमाराला भारतातला एकूण पैसा होता सव्वादोन-अडीच हजार कोटी रुपये, जीडीपीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा. म्हणजे अडीच महिन्यांची कमाई. अर्थमंत्री होते सी. डी. देशमुख, रायगडचे सुपुत्र आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्यांच्याच अर्थमंत्रिपदाच्या काळात, १ जुलै १९५५ रोजी, इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली.

त्या काळच्या शेतकऱ्याकडे शिल्लक नव्हती असं नाही. ती धान्याच्या कणगीत होती, गुरांत होती, बायकोच्या अंगावरच्या दागिन्यांत होती. बँक तालुक्याला असली तर असायची. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. त्या वेळी साऱ्या देशात व्यापारी बँकांच्या शाखा होत्या ८,२६२. आज त्या दीड लाखाहून जास्त आहेत. ऑगस्ट २०१४ पासूनच्या जनधन खात्यांची संख्या ५० कोटींच्या पुढे गेली आहे.

राष्ट्रीयीकरणाच्या गुणदोषांवर वाद आहेत आणि ते होत राहतील. पण अडीचाचे दहा महिने होण्यामागे शाखांचं जाळं आहे, याबद्दल मला शंका नाही. गावात शाखा आली की कणगीतली शिल्लक पासबुकात आली. देशाची संपत्ती त्या क्षणी वाढली नसेल, पण तिच्यातून कर्ज मिळू लागलं. विहिरीला, पंपाला, दुकानाला.

८ नोव्हेंबरची गंमत

८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीत सुमारे १५.४ लाख कोटी रुपयांच्या नोटा एका रात्रीत बाद झाल्या. मूल्याने हातातल्या नोटांपैकी ८६ टक्के. मग देशातला पैसा ८६ टक्क्यांनी घटला का? मुळीच नाही. लोकांनी रांगा लावून नोटा बँकेत भरल्या आणि हातातला पैसा ठेवीतला पैसा झाला. एम-३ च्या एका खान्यातून दुसऱ्या खान्यात. वाढीचा वेग मंदावला, पण एकूण आकडा कोसळला नाही. बाद नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या.

हललं ते रोकडीचं प्रमाण. मार्च २०१६ मध्ये लोकांच्या हातातलं चलन जीडीपीच्या १२ टक्के होतं. वर्षभरात ते ८.७ टक्क्यांवर आलं. आणि २०२०-२१ मध्ये, कोविडच्या वर्षात, ते १४ टक्क्यांच्याही वर गेलं. टाळेबंदीत हाताशी रोकड असावी असं घराघरांत वाटलं, शिवाय त्या वर्षी जीडीपीच आक्रसला होता. नंतर ते पुन्हा १२ च्या आसपास उतरलं.

अमेरिका आपल्या मागे कशी?

जगातली सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था आणि पैसा फक्त नऊ महिन्यांचा! कारण साधं आहे. अमेरिकी माणसाची बचत शेअर, रोखे आणि निवृत्तिवेतन निधीत असते, आणि त्यांच्या कंपन्याही बँकेपेक्षा रोखेबाजारातून जास्त कर्ज उचलतात. यातलं काहीच ‘पैसा’ या व्याख्येत बसत नाही.

चीनमध्ये बरोबर उलटं. तिथे कर्ज म्हणजे बँकेचं कर्ज. रस्ते, पूल, कारखाने, इमारतींच्या रांगा बँकांच्या पैशावर उभ्या राहिल्या आणि प्रत्येक कर्जातून ठेव जन्मत गेली. मार्च २०२४ मध्ये चीनच्या पैशाने ३०० लाख कोटी युआनचा टप्पा ओलांडला. जीडीपी १३५ लाख कोटींच्या आसपास. एवढा पैसा असूनही त्या काळात तिथली महागाई शून्याच्या जवळपास होती. पैसा वाढला की भाव वाढलाच पाहिजे, असं मानणाऱ्यांनी चीनकडे नीट पाहावं.

जपानमध्ये तर हातातली रोकडच जीडीपीच्या पाचव्या हिश्शाएवढी आहे. गुन्हेगारी कमी, व्याजदर वर्षानुवर्षं शून्यालगत होते, भावही स्थिर होते. मग नोटा घरात ठेवल्या तर तोटा काय? जपानी कुटुंबांच्या आर्थिक संपत्तीपैकी निम्मी नोटा आणि ठेवींतच आहे.

हाँगकाँगला परकी चलनातल्या ठेवी धरल्या तर पैसा जीडीपीच्या पाच पटींहून जास्त, म्हणजे पाच वर्षांचा. तो सगळा तिथल्या लोकांचा नाही. जगभराचा पैसा तिथे मुक्कामाला असतो. आणखी एक मौज म्हणजे हाँगकाँगच्या बहुतेक नोटा सरकार काढतच नाही. तीन व्यापारी बँका आपापल्या चित्रांच्या नोटा काढतात.

लेबनॉन : अडीच पट आणि हात रिकामे

महिने जास्त म्हणजे देश भक्कम, असं कुणाला वाटत असेल तर त्याने लेबनॉनची हकीकत ऐकावी.

१९९७ पासून लेबनॉनने आपलं चलन एका डॉलरला १,५०७.५ पाउंड या दराला बांधून ठेवलं होतं. परदेशी गेलेले लेबनीज लोक घामाचे डॉलर मायदेशीच्या बँकांत ठेवत, कारण व्याज भरघोस मिळे. २०१९ पर्यंत देशातला पैसा जीडीपीच्या अडीच पटींच्या आसपास पोहोचला, म्हणजे तीस महिन्यांचा. कागदावर अगदी जपानसारखा.

फरक होता तो ठेवींच्या पलीकडच्या बाजूला. बँकांनी ते डॉलर कारखान्यांना, शेतीला फारसे दिले नव्हते. मोठा हिस्सा मध्यवर्ती बँकेकडे आणि सरकारी रोख्यांत होता. सरकार तूट भरत होतं आणि मध्यवर्ती बँक तो बांधलेला दर टिकवत होती. जुन्या ठेवीदाराचं व्याज नव्या ठेवीदाराच्या डॉलरमधून जायचं. नव्या डॉलरांचा ओघ आटला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये बँकांनी दारं लावली. दोन आठवड्यांनी उघडली तेव्हा डॉलर काढायला मर्यादा होत्या, तेही कुठल्याही कायद्याशिवाय. मार्च २०२० मध्ये सरकारने परकी कर्ज बुडवलं. २०२२ मध्ये लोक स्वतःचीच ठेव मिळवण्यासाठी शस्त्र घेऊन बँकेत शिरू लागले. २०२३ मध्ये बाजारात डॉलरचा भाव ९०,००० पाउंडांच्या पलीकडे होता.

तिथल्या शिक्षकांची, परिचारिकांची आयुष्यभराची पुंजी पासबुकात आकडा म्हणून शाबूत होती आणि हाताला लागत नव्हती. या विषयावरचे कितीही तक्ते वाचले तरी मला लेबनॉन विसरता येत नाही.

उशीखालचे डॉलर

अर्जेंटिनात डिसेंबर २००१ मध्ये सरकारने खात्यातून आठवड्याला फक्त २५० पेसो काढायची मुभा दिली. पुढे डॉलरमधल्या ठेवी जबरदस्तीने पेसोत बदलल्या. ही आठवण तिथल्या प्रत्येक घरात आहे. आज अर्जेंटिनी नागरिकांचे २०० अब्जांहून जास्त डॉलर देशाच्या बँकांबाहेर आहेत, परदेशात, लॉकरमध्ये, घरात. ते देशाच्या पैशात मोजले जात नाहीत. म्हणून ते तीन महिने. लोक गरीब आहेत म्हणून नाही, पेसो कुणालाच जवळ नको आहे म्हणून.

जितक्या नोटा जास्त, तितका पैसा कमी

ऐकायला चूक वाटेल, पण १९२३ च्या जर्मनीत हेच घडलं. महायुद्धापूर्वी एका डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४.२ लाख कोटी मार्क. मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष रुडॉल्फ हाफेनश्टाइन यांनी शंभराहून जास्त खासगी छापखाने कामाला लावले होते, तरी देशभर एकच ओरड होती : नोटा पुरत नाहीत!

आणि ती ओरड खरी होती. पगार हातात पडला की लोक धावत दुकान गाठत, कारण संध्याकाळी भाव वाढलेला असे. मार्क घरात ठेवायला कुणी तयार नव्हतं. त्यामुळे भाव छपाईपेक्षाही वेगाने पळाले आणि साऱ्या नोटांची सोन्यातली किंमत युद्धापूर्वीच्या मानाने चिमूटभर उरली. वर्षाच्या कमाईशी तुलना केली तर देशाजवळ काही दिवसांचाच पैसा होता.

नोव्हेंबरच्या मध्याला नवा रेंटेनमार्क आला. सरकारी तुटीसाठी छपाई थांबली. त्यानंतर चलनात नव्या नोटा झपाट्याने वाढत गेल्या आणि तरीही भाव स्थिर राहिले. लोकांना पुन्हा चलन जवळ बाळगावंसं वाटू लागलं होतं, नव्या नोटा त्या मागणीत मुरल्या. डॉलरचा दर २० नोव्हेंबर १९२३ रोजी ठरला. हाफेनश्टाइन त्याच दिवशी वारले.

हंगेरीत १९४६ च्या जुलैत तर भाव दर पंधरा तासांनी दुप्पट होत होते. तिथे चलनात आलेल्या सर्वांत मोठ्या नोटेची किंमत होती १ वर २० शून्यं, इतके पेंगो.

आपल्या दौलताबादलाही हा धडा मिळाला होता. मुहंमद बिन तुघलकाने १३२९-३० च्या सुमाराला चांदीच्या टंक्याच्या मोलाची तांब्या-पितळेची नाणी काढली, काही दौलताबादच्याच टांकसाळीत. सुलतानाची आज्ञा पाळणारा देवाची आज्ञा पाळतो, असा मजकूरही त्यांवर कोरला. घरोघरी खोटी नाणी पडू लागली तेव्हा सुलतानाला ती खजिन्यातून चांदी-सोनं देऊन परत घ्यावी लागली.

सोमालियाचं उदाहरण याच्या अगदी विरुद्ध टोकाचं. १९९१ मध्ये तिथलं सरकार आणि मध्यवर्ती बँक दोन्ही कोसळलं, पण शिलिंग चालतच राहिला. पुढे स्थानिक टोळ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी बाहेरून छापून आणलेल्या नोटा इतक्या मिसळल्या की चलनातल्या ९८ टक्के नोटा बनावट असल्याचा अंदाज आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने केला. लोकांनी त्या घेतल्या. किंमत मात्र घसरत घसरत छपाईच्या खर्चाजवळ येऊन थांबली.

आकडा तोच, व्याख्या बदलली

मे २०२० मध्ये अमेरिकेच्या एम-१ चा, म्हणजे रोकड आणि हवी तेव्हा काढता येणाऱ्या शिल्लकीचा, आलेख भिंतीसारखा उभा चढला, सुमारे ५ लाख कोटी डॉलरवरून १६ लाख कोटींवर. समाजमाध्यमांवर हाहाकार झाला. कोविडमध्ये पैसा खरोखर वाढला होता, पण या उडीचं मुख्य कारण वेगळं होतं. बचत खात्यातून महिन्याला किती वेळा पैसे काढावेत यावरची मर्यादा उठली, म्हणून ती खाती एम-१ मध्ये आली. एम-२ या मोठ्या मापात ती आधीपासून होतीच. अशा आलेखावर भडकण्याआधी तळटीप वाचावी. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, तर मार्च २००६ मध्ये एम-३ प्रसिद्ध करणं बंदच करून टाकलं.

भारतात सुखमय चक्रवर्ती समितीने १९८५ मध्ये पैशाच्या वाढीला लक्ष्य मानण्याची शिफारस केली आणि १९९८ पर्यंत रिझर्व्ह बँक एम-३ च्या वाढीकडे डोळे लावून बसत असे. ब्रिटनमध्ये मात्र अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्येच सांगून ठेवलं होतं की एखाद्या मापाला लक्ष्य केलं की ते माप बिघडतं. आज शाळेच्या गुणांपासून पोलिसांच्या आकडेवारीपर्यंत सगळीकडे लावला जाणारा हा नियम मुळात पैशाच्या पुरवठ्याबद्दलचा आहे.

सुगी, लग्नसराई आणि केन्स

अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांचं पहिलं पुस्तक कशावर होतं? रुपयावर. १९१३ सालचं. त्याआधी ते लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरीला होते, भारतात कधीच आले नव्हते. तरी त्यांनी इथली एक गोष्ट अचूक टिपली. सुगीत कापूस, ताग, धान्य उचलायला व्यापाऱ्यांना एकदम रोकड लागते, व्याजदर चढतात. पावसाळ्यात तीच रोकड सैल पडते.

रिझर्व्ह बँकेचं पतधोरणही कित्येक वर्षं याच तालावर चालायचं, नोव्हेंबर ते एप्रिल तेजीचा हंगाम आणि मे ते ऑक्टोबर मंदीचा. आज शेतीचा जीडीपीतला वाटा बराच घटला, पण रोकडीची ती चाल गेलेली नाही. रिझर्व्ह बँक चलनाचे आकडे दर आठवड्याला जाहीर करते. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांत ते चढलेले दिसतात, लग्नसराईत आणि रब्बी बाजारात आल्यावर पुन्हा चढतात, आणि आषाढ-श्रावणात, पेरण्या आटोपून गावं पावसाच्या भरवशावर असतात तेव्हा, हजारो कोटींच्या नोटा बँकांकडे परत आलेल्या असतात.